सांधे बुजवणारे पेडणेकर

नऊ मार्च, रविवार, सकाळी साडेदहा. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सभा. मंजूर करायची रक्कम पंच्याऐंशी हजार रुपये, इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटसाठी. सोळा घरांपैकी अकरा घरांची माणसं वेळेवर आली होती. सचिव गायकवाड, खजिनदार मी, बाकीचे खुर्च्या सावलीत ओढून बसलेले. बारावे पेडणेकर, तळमजला, घर क्रमांक दोन. ते वीस मिनिटं उशिरा आले आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. पेडणेकरांचे दोन्ही हात पाठीमागे.

"पेडणेकर, तुमचा हात?" गायकवाडांनी विचारलं.

"रंग ओला आहे हो."

"विमानाचा की भिंतीचा?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पेडणेकरही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

भिंतीचाही होता. त्यांच्या आतल्या खोलीतल्या खांबाला उभी भेग गेली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी भरून, घासून, रंगवून नाहीशी केली होती. सभेच्या सकाळी ते तिच्यावर आणखी एक हात मारत होते. त्याच खांबाच्या वर, पहिल्या मजल्यावर, माझ्या आईची खाट होती. हे मला पाच महिन्यांनी कळलं. इथे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच अंदाज बांधत बसायला नको.

अनंत पेडणेकर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर होते. वडील मालवणकडचे, गिरणीत होते. पेडणेकरांनी डिप्लोमा केला आणि आयुष्यभर दोन पोलादी ठोकळे एकमेकांवर असे बसवले, की मधून केसही जाऊ नये. शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. हातात प्लास्टिकची कुठलीही वस्तू आली, की आधी तिच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. बादली, कंगवा, टिफिन, काहीही. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उमटते, ती नखाला लागते. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्यातला खुळखुळा उचलून त्यांनी नख फिरवलं आणि माझ्या आईला म्हणाले, "साचा झिजलाय." आई मालवणी. ती म्हणाली, "पोरग्या बघ रे आधी! खुळखुळो खंय पळान जातलो?"

विमानांचा नादही त्या रेघेतूनच लागला. कारखान्यात नवं मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना त्याने यांना एक खोका दिला. आत जर्मन लढाऊ जेट विमानाचे सुटे भाग, करड्या प्लास्टिकचे. साचा कसा असावा ते बघ, एवढंच तो म्हणाला. पेडणेकरांनी तो खोका दोन वर्षं उघडला नाही. उघडला तो कायमचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकोणीस विमानं केली. सगळी जर्मन, सगळी जेट, सगळी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळातली. खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी, म्हणजे वीतभर किंवा थोडी जास्त. त्यांना ते आकड्यांनीच ओळखायचे, "दोनशे बासष्ट", "एकशे बासष्ट". मला ते बरं वाटायचं, आकडे माझ्या लक्षात राहतात.

"पण जर्मनच का?" मी एकदा विचारलं.

"घाईत केलेली आहेत, सावंता. हरायला लागलेल्या माणसाने घाईत केलेली. त्यांचे सांधे बघण्यासारखे असतात."

त्यांची पद्धत अशी. विमानाचं अंग दोन उभ्या फाकांत येतं. त्या चिकटवल्या की पाठीवरून आणि पोटाखालून सांधा दिसतो. भिंतीला रंगारी लांबी भरतात, तशी त्या सांध्यात बारीक लांबी भरायची. ती वाळली की पाण्यातला पॉलिशपेपर. मग करडा प्रायमर मारायचा, आणि प्रायमरवर भेग दिसली की पुन्हा लांबी. चार-चार, पाच-पाच वेळा. धूळ बसू नये म्हणून खिडकी बंद. थिनरचा वास जिन्यापर्यंत यायचा. अंगावरून नख फिरवून काही लागलं नाही, की शैलावहिनींना हाक मारायचे. वहिनी पोळ्या लाटता लाटता यायच्या, पिठाच्या बोटाने विमानाची पाठ चाचपायच्या आणि म्हणायच्या, "नाही लागत." मगच रंग.

पुढचा प्रकार मला कधी नीट पटला नाही. खऱ्या दोनशे बासष्टचे पत्रे कारखान्यात नीट बसत नसत. त्यामुळे फटींमध्ये लांबीचे पट्टे भरून ते विमान तसंच बाहेर काढत. काही विमानं रंगाविनाच गेली, उघडा पत्रा आणि त्यावर लांबीचे हिरवट पट्टे. म्हणजे पेडणेकर आधी आठ दिवस खपून प्लास्टिकचा खरा सांधा नाहीसा करायचे आणि नंतर आठ दिवस खपून बारीक ब्रशने खोटे सांधे रंगवायचे.

"मग आधीचाच ठेवायचा ना," मी म्हणालो.

"तो माझा दोष होता. हा त्यांचा आहे."

हे पट्टे कोणी भरले, तेही त्यांनीच सांगितलं. डोंगराच्या पोटात बोगदे खणून त्यात कारखाने घातले होते. कामाला छळछावण्यांतले कैदी. बारा-बारा तास उभं राहून रिव्हेटा मारायच्या, लांबी भरायची, आणि पडला तो पडला. पेडणेकरांच्या एकाही विमानात वैमानिक बसलेला नव्हता. खोक्यात छोटा पुतळा यायचा, तो ते कचऱ्यात टाकायचे. "माणूस घातला की कोणाचा घालायचा ते ठरवावं लागतं," म्हणायचे.

शेपटीवरची खूण मात्र सुरुवातीला लावायचे. पाण्यात सोडवून चिकटवायची चित्रं असतात, त्यातलं ते तिरकं स्वस्तिक. एका खंडेनवमीला वहिनींनी रिवाजाप्रमाणे घरातली हत्यारं पुजली. विळी, सुरी, शिवणयंत्र, मग यांचा कॉम्प्रेसर, चिमटे, रंगाची पिचकारी. झेंडूचं फूल प्रत्येकाला. राहिलेलं हळदकुंकू घेऊन त्या कपाटाशी गेल्या आणि शेपटीवरचं स्वस्तिक बघून त्याच्या चार घरांत कुंकवाचे चार ठिपके दिले, उंबऱ्यावर देतात तसे. मी प्रसादाला खाली गेलो होतो, म्हणून पुढचं ऐकलं.

"हे काय केलंस?"

"रिकामं ठेवू नये हो. आणि तिरकं काढलंय तुम्ही, तेवढं सरळ करा."

"शैला, हे आपलं नाही. हे लावून त्यांनी लाखो माणसं मारली."

"अस्सं?" वहिनींनी हळदकुंकवाची कोयरी खाली ठेवली. "मग माझ्या देव्हाऱ्यासमोर कशाला आणून ठेवलंत?"

दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीने पेडणेकरांनी ती खूण उचकटली आणि शेपटी पुन्हा रंगवली. त्यानंतर सगळ्या शेपट्या कोऱ्या. वहिनी आवाज न चढवता बोलायच्या आणि तेच त्यांना झेपत नसे.

कपाट म्हणजे भिंतीतल्या काचेच्या चार फळ्या. एका बाजूचे कंस, म्हणजे ब्रॅकेट, भिंतीत, दुसऱ्या बाजूचे त्या खांबात. प्रत्येक फळी पाणसळ लावून बसवलेली. तसं करण्याला कारण होतं. या विमानांना पुढे एक आणि मागे दोन चाकं असतात, आणि प्लास्टिकचं वजन मागे पडतं. नाकात आधीच वजन भरलं नाही, तर विमान शेपटीवर बसतं आणि नाक वर करतं. अंग चिकटवून झाल्यावर मग काही करता येत नाही. पेडणेकर माहुलच्या एका कोळी मित्राकडून जाळ्याला लावायचं शिसं आणायचे आणि कापून, सोनाराच्या काट्यावर तोलून नाकात भरायचे. जास्त भरलं तर पुढचा प्लास्टिकचा पाय वाकतो. म्हणून ते लागेल तेवढंच भरायचे. एक कणही वर नाही.

"थोडं जास्त टाका की, सुरक्षित," मी म्हणायचो.

"तुमच्या पिढीला सगळं जास्त लागतं," असं म्हणायचे. मी बावन्न वर्षांचा.

ऑडिटवाले एप्रिलमध्ये आले. एक तरुण इंजिनिअर, हातात छोटा हातोडा. तो खांब ठोकून आवाज ऐकायचा. भरीव आवाज आला की बरोबरची खूण, पोकळ आला की खडूने फुली. गायकवाड आणि मी बरोबर फिरत होतो. जिन्याखालच्या दोन खांबांवर फुल्या पडल्या, गच्चीच्या कठड्यावर पडल्या. मग पेडणेकरांचं घर. आतल्या खोलीत खांबासमोर इंजिनिअर थांबला. खांब दुधासारखा पांढरा, काचेसारखा गुळगुळीत.

"इथे ठोकू नका," पेडणेकर म्हणाले. "कपाट हादरेल. एक पाय मोडला तर महिना जातो माझा."

त्याने कपाटाकडे बघितलं. कोणीही बघेल अशी ती विमानं होती. तो खाली वाकला, दोन फोटो काढले, मग खांबावरून तळवा फिरवला. "काका, सगळ्या बिल्डिंगमध्ये हाच एक कॉलम नवा वाटतो," म्हणाला आणि बरोबरची खूण केली.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या तेव्हाच काही बोलल्या असत्या तर, असं गायकवाड पुढे बरेचदा म्हणाले. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. तळमजला, समोर बाजार, आणि तीस वर्षांची सवय. इमारत धोकादायक ठरली तर भाड्याने कुठे कितव्या मजल्यावर जावं लागेल, कोणाला माहीत.

इंजिनिअर गेल्यावर आम्ही चहाला थांबलो. गायकवाड मराठवाड्यातून आलेले, वीज कंपनीत नोकरी, बोलायला मोकळे. त्यांनी वरच्या फळीवरचं एक विमान दाखवलं, पाठीवर इंजिन असलेलं. "हे काय, पाठीवर सिलिंडर घेऊन चाललंय?"

"एकशे बासष्ट. याचे पंख लाकडाचे होते," पेडणेकर म्हणाले. "गोंदाने चिकटवलेले. चांगला गोंद करणारा कारखाना बॉम्बने उडाला, मग दुसरा गोंद आणला. चिकटला मस्त. पण त्यात आम्ल होतं. ते आतून लाकूड खात गेलं. मोठ्या साहेबांसमोर उडवून दाखवताना हवेत पंख सुटला आणि वैमानिक मेला."

"च्यायला. बाहेरून कळत नव्हतं?"

"बाहेरून झकास. वर रंग मारलेला."

"दुसरं काहीतरी बोला ना हो," वहिनी म्हणाल्या आणि कप न उचलताच आत गेल्या.

जूनमध्ये माझ्या घराचं दार घासायला लागलं. पावसाळ्यात दारं फुगतात. सुताराला बोलावून दाराची कड रंधून घेतली. जुलैत आईच्या खोलीतली एक लादी वर आली. लाद्याही फुगतात. मग आईने सुरू केलं.

"माजी खाट कलली हा रे."

"नाही गं आई, तुला वाटतं."

"वाटता? सकाळी उठतंय तर उशी पायाकडे. माका येडी समजतंस?"

मी खाटेच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. पंधरा दिवसांनी दुसरी घातली. आईचं वय ब्याऐंशी, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं वयाचा परिणाम. दुपारी सामसूम असताना भिंतीतून अधूनमधून बोट मोडल्यासारखा आवाज यायचा. आई म्हणायची, "कोण तरी आत बसलाहा." नातवंडं हसायची.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, सकाळचा चहा चालू असताना बेल वाजली. दारात पेडणेकर. बनियन, पायजमा, पायात चप्पल नाही. जिना चढून आल्याने धाप लागलेली.

"सावंता, आईंना खाली घे."

"काय झालं?"

"आधी घे, मग विचार. आईंना आधी."

मी आणि मुलाने आईला खुर्चीसकट उचललं. आई जिन्यात ओरडत होती, "अरे, माजे दात रवले थय वाटीत! माका भायर न्हेतत आणि दात घरात!" पेडणेकर आमच्या पुढून दुसऱ्या मजल्यावर गेले, तिथून तिसऱ्यावर. प्रत्येक दार वाजवत होते आणि एकच वाक्य बोलत होते, "खाली उतरा, सामान नको." अर्ध्या तासात सगळी इमारत फाटकाबाहेर रस्त्यावर, कोणी टॉवेलवर, कोणी शाळेच्या गणवेशात. वहिनी रस्त्याच्या पलीकडे वॉकर धरून आधीच उभ्या होत्या.

पेडणेकर मला आणि गायकवाडांना आत घेऊन गेले. त्यांनी बोट दाखवलं. दुसऱ्या फळीवर पाच विमानं. चार नीट उभी होती. पाचवं शेपटीवर बसलं होतं, नाक वर करून.

"पडलंय ते?" गायकवाड म्हणाले.

"पडलेलं नाही. फळी कलली. खांबातला कंस खाली आला." त्यांनी खिशातून पाणसळ काढून काचेवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. "चार वर्षं हे विमान नीट उभं होतं. काल संध्याकाळीही उभं होतं."

"म्हणजे?"

पेडणेकरांनी कोपऱ्यातला हातोडा घेतला आणि खांबावर मारला. जोरात मारावं लागलंच नाही. लांबी, प्रायमर, रंग, सगळं मिळून एक अख्खी पापडी सुटली आणि हातभर तुकडा जमिनीवर पडला. आत सिमेंट भुसभुशीत झालं होतं. बोटाएवढ्या सळ्या गंजून सुतळीएवढ्या राहिल्या होत्या आणि फुगलेला गंज पापुद्र्यापापुद्र्याने बाहेर आला होता. भेगेत माझा पंजा गेला असता.

"किती दिवस?" गायकवाडांनी विचारलं.

"दीड वर्ष."

"दीड वर्ष तुम्हाला माहीत होतं?"

"भेग माहीत होती. पहिल्यांदा वाटलं प्लास्टर सुटलंय. भरली. चार महिन्यांनी परत आली. परत भरली. तेव्हा गंजाचं पाणी दिसलं होतं."

"आणि?"

"दिसली की माझा हात जातो हो. घासून नख फिरवलं, काही लागलं नाही, की वाटतं, गेली."

गायकवाड वयाने लहान, त्यांना कायम 'तुम्ही' म्हणणारे. त्यांनी पेडणेकरांच्या बनियनला धरलं. "माझी नात वर झोपते. कळतं का तुला? सहा वर्षांची पोर झोपते वर!"

पेडणेकरांनी हात सोडवून घेतला नाही. "म्हणूनच आलो ना वर," एवढंच म्हणाले. मी गायकवाडांना मागे ओढलं, कारण आम्ही तिघेही त्याच खांबाशी उभे होतो.

दुपारपर्यंत लोखंडी जॅक आले, अकरा जॅक त्या एका खोलीत उभे केले. महापालिकेचे इंजिनिअर आले आणि इमारत अतिधोकादायक ठरली. प्रत्येक घरातलं सामान दोन मजुरांनी हेल्मेट घालून बाहेर काढायचं, एका घराला एक तास. आमच्या घरातून आईचे दात आणि कागदपत्रं आधी आली. पेडणेकरांच्या दाराशी मजुराने विचारलं, "काका, वो हवाई जहाज?"

"नको. देव्हारा आण. कुकर आण. बायकोची औषधं फ्रिजवर आहेत."

"एक चक्कर में हो जाएगा, काका."

"नको म्हटलं ना. त्या कोपऱ्यात जायचं नाही." मग त्यांनी मजुराचा दंड धरला, "तिथे कोणीही जायचं नाही," आणि तो बाहेर येईपर्यंत दारातून हलले नाहीत.

एका देवळाच्या हॉलमध्ये सभा झाली. दोघं-तिघं म्हणाले, पोलिसांत द्या. एक जण म्हणाला, त्यानेच वाचवलं. पेडणेकर शेवटच्या रांगेत बसून दोन्ही ऐकत होते, कोणाकडे दाद मागितली नाही. आई मात्र खुर्चीतून म्हणाली, "माजी खाट कलता म्हणान मी सांगत होतंय, ता कोणीच आयकाक नाय. त्येचा काय?" त्यावर सभा दुसऱ्या विषयाकडे वळली. तक्रार कोणी केली नाही. नोव्हेंबरात इमारत पाडली, फळ्या आणि एकोणीस विमानांसकट. त्या दिवशी पेडणेकर आले नव्हते.

त्यांना घर मिळालं घाटकोपरला, एका जुन्या चार मजली इमारतीत, तळमजल्यावर. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. "घरमालक खाली करायला सांगतोय. डिपॉझिटचा हिशेब आहे. तू ये, तुला आकडे कळतात."

गेलो. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पलंग. रंगाची बाटली कुठे नाही, थिनरचा वास नाही, खिडकी सताड उघडी. बांधलेल्या बोचक्यांमध्ये वहिनी बसल्या होत्या. "आता आम्हाला कोणी भाड्याने घर देणार नाही," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही.

पेडणेकर मला दारामागच्या खांबाशी घेऊन गेले. तळहाताएवढी जागा त्यांनी सुरीने खरवडली होती. पांढरी लांबी, तिच्याखाली आणखी एक थर, त्याच्याखाली आणखी एक. सगळ्यांत आत उभी भेग आणि तिच्यातून ओघळलेलं तपकिरी पाणी.

"आल्या दिवसापासून हात फिरवत होतो," ते हळू म्हणाले. "नखाला काही लागेना. एवढ्या जुन्या बिल्डिंगमध्ये काहीच लागत नाही म्हणजे काय? तीन वेळा भरलंय, सावंता. चांगल्या हाताने भरलंय. मीही असंच भरलं असतं."

"वरच्यांना सांगितलंत?"

"सगळ्यांना. चारही मजले. महापालिकेत अर्ज दिला. पहिल्या मजल्यावरची बाई म्हणाली, 'आजोबा, तुमच्या बिल्डिंगची वाट लागली म्हणून सगळ्यांची लागणार काय?' तिच्याकडे तान्हं मूल आहे. मी म्हटलं, निदान पाळणा तरी हलवा. तर तिने दार लावलं."

तेवढ्यात घरमालक आला. बरोबर एक रंगारी, हातात पत्र्याचा डबा. घरमालक माझ्याशी सभ्यपणे बोलला. "बघा, म्हाताऱ्या माणसाशी मला भांडायचं नाही. पण भाडेकरूने भिंती खरवडायच्या, लोकांना घाबरवायचं, हे चालत नाही ना?"

"तुम्ही हातोडा मारून बघा," पेडणेकर म्हणाले. "एकदा मारा. मी पैसे मागत नाही, काही नाही. फक्त मारा आणि आवाज ऐका."

"काका, प्लीज."

"मग वर जाऊन त्या पाळण्यावाल्या बाईला सांगा. तुमचं ऐकेल ती."

घरमालकाने माझ्याकडे बघून मान हलवली, कीव आल्यासारखी. रंगाऱ्याने डबा उघडला आणि पातं पुसलं. पेडणेकर खांबापुढून हलले नाहीत. शेवटी वहिनींनी हाक मारली, "अहो, टेम्पो आलाय," तेव्हा बाजूला झाले. बाहेर टेम्पोत त्यांनी वहिनींना पुढे बसवलं आणि स्वतः मागे बोचक्यांवर चढले. टेम्पो वळेपर्यंत ते पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे बघत होते. तिथे दोरीवर लंगोट वाळत होते.

डिपॉझिट साठ हजार होतं. घरमालकाने छप्पन्न हजार पाचशेचा चेक पेडणेकरांच्या नावे दिला. कापलेले साडेतीन हजार त्याने माझ्यासमोरच रोख रंगाऱ्याच्या हातात ठेवले. रंगाऱ्याने ते मोजून खिशात घातले आणि खांबाला लांबी भरायला घेतली.